तबकडीवरचे नाव

महाराष्ट्रातून कलकत्त्यास जाणारा प्रवासी हावड्यास उतरतो आणि हुगळीवरील पूल ओलांडून शहरात शिरतो. शहराचे दुसरे मोठे स्थानक म्हणजे सियालदह. ते त्याच्या वाटेवर सहसा येत नाही. ते उत्तरेकडील व पूर्वेकडील गाड्यांचे स्थानक. १९४७ नंतर पूर्व बंगालमधून आलेली हजारो निर्वासित कुटुंबे त्याच्या फलाटांवर राहिली, तेव्हापासून त्याचे नाव देशभर दुःखाशी जोडले गेले. बंगालीत शियाल म्हणजे कोल्हा आणि दह म्हणजे आपला डोह. कोल्ह्यांच्या डोहाकाठची वस्ती, असा या नावाचा अर्थ सांगतात. मराठी माणसाचा या ठिकाणाशी काय संबंध, असे कोणासही वाटावे. पण संबंध आहे. आणि तो एक नव्हे, दोन आहेत.

पहिला संबंध भीतीचा. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. तीन मैल खणून होईपर्यंत संकट टळले आणि काम तेथेच थांबले. हा 'मराठा खंदक' अठराव्या शतकाच्या अखेरीस बुजविण्यात आला आणि त्याच्या रेषेवरून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. सियालदह आहे ते याच रस्त्याच्या कडेला. दुसरा संबंध मात्र आनंदाचा आहे. मराठ्यांना शहराबाहेर ठेवण्यासाठी आखलेल्या या रेषेच्या पलीकडे, बेलेघाटा रस्त्यावर, १९०८ साली एक कारखाना सुरू झाला. त्यातून निघालेला माल पुढील वीस वर्षे महाराष्ट्राच्या घराघरांत कोणत्याही खंदकाची अडचण न येता शिरला. तो माल म्हणजे गाणे. ग्रामोफोनच्या तबकड्या तयार करणारा भारतातील हा पहिला कारखाना.

कारखाने सामान्यतः कोळशासाठी, पाण्यासाठी किंवा बंदरासाठी उभे राहतात. सियालदहच्या कारखान्यासही अशी व्यावहारिक कारणे होती, आणि ती पुढे येतीलच. परंतु मुळात असा कारखाना काढावा इतके गिऱ्हाईक या देशात आहे, ही खात्री परदेशी व्यापाऱ्यांना कशाने पटली, हे पाहू जाता सहा वर्षे मागे जावे लागते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यातील एका खोलीत एक गायिका पत्र्याच्या कर्ण्यासमोर उभी राहिली. तिचे नाव गौहरजान. तिने त्या दिवसांत गाइलेल्या चिजांच्या तबकड्या दुसऱ्या वर्षी बाजारात आल्या, आणि ज्याला आज लोकप्रिय गायकाचा पहिला संच म्हणतात तसे काही भारतात प्रथमच घडले. गळा एका ठिकाणी आणि ऐकणारे हजार ठिकाणी, ही गोष्ट तेथून सुरू झाली.

ग्रामोफोन अँड टाइपरायटर ही लंडनची कंपनी. गाण्याचे यंत्र आणि लिहिण्याचे यंत्र अशी दोन्ही विकणारी, म्हणून तिचे हे जोडनाव. १८९९ मध्येच तिने लंडनमध्ये काही हिंदी आवाज मुद्रित करून पाहिले होते. परंतु तेथे गेलेल्या चार लोकांचे बोलणे-गाणे म्हणजे हिंदुस्थानचे संगीत नव्हे, हे उघड होते. १९०१ मध्ये कंपनीचा प्रतिनिधी जॉन वॉटसन हॉड कलकत्त्यास आला. येथील बाजारपेठ प्रचंड आहे, मात्र तिला येथलेच गाणे हवे, असा त्याचा अनुभव होता. त्यानुसार पुढल्या वर्षी कंपनीने आपला सर्वांत अनुभवी ध्वनिमुद्रक पौर्वात्य देशांच्या दौऱ्यावर धाडला. त्याचे नाव फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग. हा मूळचा अमेरिकन, वॉशिंग्टनचा. वय अवघे एकोणतीस. त्याच वर्षी मिलान शहरात एन्रिको कारूसोचे गाणे त्याने मुद्रित केले होते, आणि त्या मुद्रिकांनी युरोपात ग्रामोफोनला प्रतिष्ठा मिळवून दिली होती.

कलकत्त्यास उतरल्यावर गैसबर्गपुढे पहिला प्रश्न होता तो गाणारे मिळवायचे कोठून, हा. शहरातील गोऱ्या लोकांकडून त्याला काहीच साहाय्य झाले नाही. येथील संगीताविषयी ते इतके उदासीन होते, की जणू ते निराळ्याच ग्रहावर राहत असावेत, अशा आशयाचा शेरा त्याने पुढे आपल्या आठवणींत मारला आहे. अखेर नाटक कंपन्यांच्या मालकांच्या मदतीने सुरुवात झाली. ८ नोव्हेंबर १९०२ रोजी क्लासिक थिएटरमधील शशिमुखी व फणिबाला या दोन तरुण मुलींची गाणी मुद्रित करण्यात आली. गैसबर्गला ती मुळीच पसंत पडली नाहीत. त्यानंतर काही दिवसांतच गौहरजान आली आणि चित्र पालटले.

ही गौहर कोण, हे येथे सांगितले पाहिजे. कारण मराठी वाचकाच्या मनात या नावाबरोबर बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यातील गोहराबाई कर्नाटकी उभ्या राहतात. त्या निराळ्या, आणि एका पिढीने नंतरच्या. कलकत्त्याची गौहरजान २६ जून १८७३ रोजी आझमगड येथे जन्मली, तेव्हा तिचे नाव अँजेलिना येओवर्ड असे होते. वडील विल्यम रॉबर्ट येओवर्ड हे आर्मेनियन वंशाचे. आईचे नाव व्हिक्टोरिया. गौहर सहा वर्षांची असतानाच आईवडिलांचा विवाह मोडला. आई मुलीला घेऊन बनारसला आली, तिने इस्लामचा स्वीकार केला, आणि नृत्य-गायनात प्रावीण्य मिळवून ती मलकाजान या नावाने प्रसिद्धीस आली. मुलीची ती गौहर झाली. १८८३ मध्ये मायलेकी कलकत्त्यास आल्या. अवधचे पदच्युत नबाब वाजिदअली शहा तेथे मटियाबुर्जमध्ये दिवस कंठीत होते, आणि लखनौच्या ठुमरीची व कथकाची परंपरा त्यांच्याबरोबर हुगळीकाठी आली होती. त्या हवेत गौहर वाढली. १८८७ च्या सुमारास दरभंग्याच्या दरबारात तिचे पहिले गाणे झाले. १९०२ साल उजाडले तेव्हा ती कलकत्त्याची अग्रगण्य गायिका होती. ती आणि गैसबर्ग एकाच वर्षी, १८७३ मध्ये, जन्मलेले. एकाचा जन्म पोटोमॅकच्या तीरावर, दुसरीचा तमसेच्या. आणि दोघांची गाठ पडली ती हुगळीकाठी.

ध्वनिमुद्रणासाठी ती येई तो थाट पाहून गैसबर्ग दिपून गेला. बरोबर साजिंदे, सेवक, लवाजमा. प्रत्येक खेपेस नवा पोशाख, आधीच्याहून भारी. आणि एकदा घातलेले जडजवाहीर पुन्हा अंगावर दिसावयाचे नाही. या वर्णनावर अनेकांनी आजवर भर दिला आहे. वास्तविक विस्मयाची गोष्ट तिच्या दागिन्यांत नव्हती. ती तिने त्या यंत्रापुढे जे केले त्यात होती.

त्या काळी विजेवर चालणारा मायक्रोफोन नव्हता. ध्वनिमुद्रणात तो आला १९२५ नंतर. गायकाने कर्ण्यात तोंड घातल्यासारखे उभे राहून मोठ्या आवाजात गावयाचे. त्या आवाजाने कर्ण्याच्या टोकाशी असलेला पातळ पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई हले, आणि खाली फिरणाऱ्या मेणाच्या जाड चकतीवर ती आपली नागमोडी रेघ कोरीत जाई. मान हलली, आवाज बाजूला गेला, की रेघ पुसट व्हावयाची. हाताने भाव दाखवावा, मान वेळावून समेवर यावे, समोरच्या रसिकाकडे पाहून एखादी ओळ पुन्हा सजवावी, हे जिच्या कलेचे सर्वस्व, तिला येथे खांबासारखे स्थिर उभे राहावयाचे होते. समोर रसिक नाही, 'वाहवा' नाही. आहे तो पत्र्याचा काळोखी तोंडाचा कर्णा. आणि वेळ किती? सात इंची तबकडीवर दोन मिनिटे, दहा इंचीवर तीन. ज्या ठुमरीत एकाच शब्दाभोवती अर्धी रात्र फिरावे, ती तीन मिनिटांत आटोपावयाची!

गौहरजानने हे कोडे कसे सोडविले ते तिच्या मुद्रिका ऐकल्या म्हणजे समजते. तिने प्रस्ताव टाकला. पहिल्या क्षणीच मुखडा घेतला. स्थायी दाखवून ती लगेच अंतऱ्याला भिडली. बोल दोनच ठिकाणी, पण नेमक्या ठिकाणी, खुलविले. आणि शेवटी लय वाढवून चपळ तानांनी चीज बांधून टाकली. बैठकीचे गाणे नदीसारखे असते. तिने त्याची ओंजळ भरली, पण पाणी त्याच नदीचे ठेवले. पुढे तीन मिनिटांचे भावगीत आले, नाट्यपद तबकडीवर आले, चित्रपटातील गीत आले. या सर्वांनी जो आटोपशीर घाट स्वीकारला तो यंत्राने घालून दिला होता हे खरे. परंतु त्या घाटात हिंदुस्थानी गाणे जिवंत राहू शकते, हे सिद्ध करणाऱ्यांत गौहरजान आघाडीवर होती.

आणि प्रत्येक चीज संपता संपता, सुई शेवटच्या वर्तुळात शिरण्यापूर्वी, ती ठसक्यात इंग्रजीत आपले नाव उच्चारी. याचे साधे कारण सांगितले जाते. मेणाच्या चकत्या कलकत्त्याहून जर्मनीत हॅनोव्हर येथील कारखान्यात जात. तेथे त्यांवरून धातूचे साचे काढून तबकड्या छापल्या जात. तेथील कारागिरांना ना भाषा कळे, ना राग. कोणाचे गाणे कोणत्या तबकडीवर, याचा घोटाळा होऊ नये म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव सांगावे, अशी पद्धत पडली. म्हणजे ही केवळ मालावरची खूण. पण ऐकणाऱ्याला ती तशी लागत नाही. आपल्या परंपरेत रचनाकाराचे नाव चिजेत गुंफलेले असते. तुकोबांचा अभंग 'तुका म्हणे' वाचून पुरा होत नाही, आणि सदारंगाचे नाव ख्यालाच्या बंदिशीत येते. गाणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नसे. गाणारा गाऊन उठला, की त्याचा स्वर हवेत विरे आणि नाव ऐकणाऱ्यांच्या स्मृतीत जेवढे टिकेल तेवढे टिके. गाणाऱ्याची मुद्रा गाण्याबरोबर कायमची राहण्याची सोय यंत्राने केली, आणि ती मुद्रा उमटविणाऱ्या पहिल्या आवाजांत समाजाने कुलीन न मानलेल्या एका स्त्रीचा आवाज होता.

असे का झाले, याचा विचार केला पाहिजे; कारण या इतिहासाचे मर्म तेथे आहे. गैसबर्गने कलकत्त्यातील मुक्कामात पाचशेहून अधिक मुद्रणे केली, आणि त्यांत स्त्रियांचा, विशेषतः तवायफांचा व रंगभूमीवरील नट्यांचा वाटा फार मोठा होता. घरंदाज स्त्रीने परपुरुषासमोर गाणे हेच त्या काळी अशक्य, मग गोऱ्या साहेबाच्या यंत्रासमोर कसली गाते! मोठमोठ्या उस्तादांच्या मनात निराळ्या शंका. विद्या आयुष्यभर जपलेली. ती एकदा तबकडीत गेली, की कोणीही आठ-बारा आण्यांच्या सुया खर्ची घालून ती चोरावी! तीन मिनिटांत राग मांडणे हा रागाचा अपमान, ही दुसरी शंका. आणि कर्ण्यात आवाज ओढून घेतला म्हणजे गळा जातो, ही त्या काळी अनेकांची भाबडी भीती. ज्यांच्यापाशी प्रतिष्ठा होती त्यांना ती जपावयाची होती. जिच्यापाशी प्रतिष्ठा नव्हती, केवळ कला होती, ती निर्भयपणे पुढे झाली.

याची किंमत महाराष्ट्राइतकी कोणी मोजली असेल असे वाटत नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या गाण्याने किर्लोस्कर मंडळीचे वैभव उभे राहिले. आजोबांनी नातवाला ज्याच्या आठवणी सांगाव्यात असा तो आवाज. १९०१ च्या फेब्रुवारीत भाऊराव वारले, आणि कंपनीचा प्रतिनिधी कलकत्त्यास उतरला तो त्याच वर्षी. काही महिन्यांचे अंतर. पण त्या अंतरात एक आवाज कायमचा बुडाला. भाऊरावांच्या बाबतीत काळाला दोष देता येईल. भास्करबुवा बखले मात्र १९२२ पर्यंत होते, अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते. तबकडी घराघरांत पोचलेली होती, कंपन्या मागे लागण्यास तयार होत्या. तरी या दोघांची एकही मुद्रिका आपल्यापाशी नाही. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमतखाँ मुद्रित झाले ते उतारवयात. अल्लादियाखाँसाहेबांची विद्या केसरबाई, मोगूबाई यांच्या कंठांतून उतरली, हे आपले भाग्य. परंतु खुद्द खाँसाहेब कसे गात, हे शब्दांवरूनच ताडावे लागते, आणि शब्द कितीही सुंदर असले तरी त्यांना सूर नसतो.

येथे कोणाला दोष देण्याचे कारण नाही. या थोर गवयांचा नकार हा अहंकार नव्हता. विद्येविषयीची ती एक निष्ठा होती, आणि तीन मिनिटांच्या तबकडीकडे पाहता तो नकार गैरवाजवीही म्हणता येत नाही. परंतु काळाचा हिशेब निराळा असतो. ज्यांनी आपले गाणे अपुऱ्या स्वरूपात देण्याचे नाकारले त्यांचे काहीच उरले नाही. ज्यांनी अपुरे दिले त्यांचे तेवढे तरी उरले.

आता पुन्हा सियालदहकडे वळू. १९०३ मध्ये हॅनोव्हरहून छापून आलेल्या तबकड्या बाजारात आल्या आणि त्यांचा खप पाहून कंपनीचा हुरूप वाढला. तिचे ध्वनिमुद्रक पुन्हा पुन्हा हिंदुस्थानात येऊ लागले. इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. ओडियन आणि बेका या जर्मन, पाथे ही फ्रेंच. बंगालमध्ये वंगभंगाच्या चळवळीच्या काळात हेमेंद्रमोहन बसू यांनी स्वदेशी नळकांड्या-मुद्रिका काढल्या, आणि त्यांवर रवींद्रनाथ ठाकुरांचा आवाज उमटला. अशा चुरशीत मेण जहाजाने युरोपला पाठवावे आणि तबकड्या परत येईपर्यंत महिनोन्महिने वाट पाहावी, हे परवडणारे नव्हते. शिवाय एक विचित्र गोष्ट कंपनीच्या ध्यानी आली होती. तबकडीचा मुख्य चिकट घटक म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर जगणाऱ्या एका किड्याने स्रवलेली ही लाख छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून कलकत्त्यास येई आणि तेथून जगभर जाई. म्हणजे हिंदुस्थानातील लाख युरोपात जावयाची, तिची तबकडी होऊन ती हिंदुस्थानातील गाणे घेऊन परत हिंदुस्थानात यावयाची! दोन्ही खेपांचे भाडे वाचवावे, असे कोणाही व्यापाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहिले नसते.

अशा रीतीने सियालदहचा कारखाना उभा राहिला. जागाही सोयीची होती. एका अंगाला रेल्वेस्थानक, दुसऱ्या अंगाला बेलेघाट्याचा कालवा. काम कसे चाले, ते समजण्यास अवघड नाही. लाख, दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचा थोडा तंतू एकत्र करून तापवावयाचे, लाटून त्याच्या वड्या पाडावयाच्या. तापलेल्या पाटावर वडी मऊ झाली, की ती दाबयंत्रातील दोन धातूच्या साच्यांमध्ये ठेवावयाची, नावाचा कागद मध्यावर बसवावयाचा आणि दाब द्यावयाचा. मग पाण्याने साचे निववले, की काळी चकचकीत तबकडी हाती येई. तिची कड घासली, डाग पाहिले, पाकिटात घातली, की ती दुकानी जाण्यास सिद्ध. आपल्याकडे बांगड्यांना लागणारी, पत्रांवर मोहोर उठविणारी लाख आता आवाजाची मोहोर उठवू लागली. ज्या कामगारांनी ही मोहोर उठविली त्यांची नावे कोणत्याही तबकडीच्या शेवटी ऐकू येत नाहीत. त्यांनी गौहरजानचे नाव हजारो वेळा दाबले. स्वतःचे एकदाही नाही.

या कारखान्यामुळे जे घडले त्याला सांस्कृतिक क्रांती म्हणणे वावगे होणार नाही. गाणे पूर्वी जागेशी बांधलेले होते. ठुमरी ऐकावयाची तर कोठीवर जावयास हवे. आणि तेथे जाणे म्हणजे पैसा हवा, वेळ हवा, आणि लोकनिंदेची तयारी हवी. ख्याल ऐकावयाचा तर दरबारी वशिला हवा. स्त्रियांना तर ही दोन्ही दारे बंदच. तबकडी आली आणि गाणे जागेपासून सुटले. चावी द्यावी, नवी सुई लावावी, आणि वाड्याच्या माजघरात कलकत्त्याची गौहर गाऊ लागावी! जिला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता आले नसते, तिचा आवाज देवघराशेजारी वाजू लागला. आणि पडद्याआड बसलेल्या सासुरवाशिणी तो ऐकू लागल्या. ज्या समाजाने त्या गायिकेला दूर ठेवले, त्याच समाजाने तिचे गाणे घरात घेतले. हा दुटप्पीपणा म्हणावा की सुधारणेची पहिली पायरी म्हणावी? बहुधा दोन्ही. माणसे नव्या गोष्टीला दारातून नाकारतात आणि खिडकीतून घेतात.

मराठी रंगभूमीची पदेही याच वाटेने गावोगावी गेली. १९११ मध्ये 'मानापमान' रंगमंचावर आले, तेव्हा गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या पदांना पूरबेकडील ठुमरी, दादरा, कजरी यांच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवांनी बंदिशींच्या खानदानी चाली दिल्या. बालगंधर्वांच्या तबकड्या निघाल्या आणि ज्या गावी नाटक मंडळी कधी फिरकली नव्हती तेथेही ही पदे मुलांच्या तोंडी बसली. स्वतः भास्करबुवांचा स्वर तबकडीत नाही. पण त्यांनी बांधलेल्या चाली शिष्याच्या कंठातून लाखेवर उमटल्या. त्या कंपनीच्या तबकड्यांवर मुंबई-पुण्याच्या दुकानांचे शिक्के असत. छापल्या गेल्या होत्या त्या मराठा खंदकाच्या पलीकडे.

गौहरजानची कीर्ती या काळात शिगेला पोचली होती. १९०२ पासून पुढील अठरा-वीस वर्षांत तिच्या सुमारे सहाशे मुद्रिका निघाल्या असे मानतात. हिंदुस्थानी, बंगाली, गुजराती, मराठी, पश्तू, इंग्रजी अशा अनेक भाषांत ती गाइली. ऑस्ट्रियात बनणाऱ्या काड्यापेट्यांवर तिचे चित्र झळकले. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी जानकीबाई अलाहाबादकर यांच्यासमवेत बादशहा पंचम जॉर्ज यांच्यापुढे तिचे गाणे झाले. जिच्या नावाने तबकडी खपते अशी ती हिंदुस्थानातील पहिली गायिका ठरली.

परंतु नावाचा हा डंका चोहीकडे वाजत असताना त्याच नावासाठी तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९०६ मध्ये मलकाजान वारली. त्यांच्या घरातच लहानाचा मोठा झालेल्या एका माणसाने आपण मलकाजानचे पुत्र आहोत असे सांगून मालमत्तेवर हक्क मांडला. गौहरजानला आपण कोणाची मुलगी, हे न्यायासनासमोर सिद्ध करून द्यावे लागले. त्यासाठी ज्या पित्याने बालपणीच संबंध तोडला होता त्याला शोधून काढून त्याची साक्ष घ्यावी लागली. निकाल तिच्या बाजूने लागला. तथापि या प्रसंगातील वेदना निकालाने भरून येण्यासारखी नव्हती. अर्ध्या हिंदुस्थानात जिचे नाव फिरत होते, तिला न्यायालयात सांगावे लागले, की हे नाव माझे, आणि माझ्या जन्माचे कागद हे असे आहेत. तबकडीवर नाव उच्चारावयास एक क्षण पुरला. कागदावर ते टिकविण्यासाठी आयुष्यातील वर्षे गेली.

पुढची वर्षे उताराची होती. कोर्टकचेरी, विश्वासघात, खर्चाचा हात यांनी वैभव ओसरले. गाण्याची अभिरुचीही पालटत होती. अखेर म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार यांनी तिला आश्रय दिला आणि १ ऑगस्ट १९२८ पासून ती तेथे दरबारी गायिका झाली. त्याच सुमारास सियालदहचे काम कंपनीने दमदमच्या नव्या, मोठ्या कारखान्यात हलविले. विजेच्या ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले होते, कर्ण्याचे दिवस सरले होते. कर्ण्याची गायिका आणि कर्ण्याच्या काळचा कारखाना यांनी जवळजवळ एकाच वेळी कलकत्त्याचा हा कोपरा सोडला. १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूर येथे गौहरजानचा अंत झाला.

पुढे काळाने तबकडीलाही जुनी केली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची लाखेची तबकडी जाऊन लांब पल्ल्याची तबकडी आली, मग फीत, मग आणखी काही. जुन्या तबकड्या अडगळीत पडल्या, फुटल्या, भंगारात गेल्या. मात्र काही वेड्या माणसांनी त्या जुन्या बाजारांतून वेचून आणल्या. अशा संग्राहकांची एक संस्था १९९० मध्ये मुंबईत निघाली. मायकेल किनिअर यांनी १९०८ पर्यंतच्या या मुद्रणांची क्रमवार सूची तयार केली, आणि ते पुस्तक १९९४ साली मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाने काढले. आज गौहरजानच्या कितीतरी मुद्रिका कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. सुईची खरखर खूप आहे. त्या खरखरीच्या पडद्याआडून आवाज मात्र अजून धारदार, ठाम, थोडा खट्याळ असा येतो.

आणि शेवटी ते नाव येते. ज्या कारागिरांसाठी ते उच्चारले गेले, ते हॅनोव्हरचे कारागीर केव्हाच काळाआड गेले. ज्या वारसाच्या दाव्यात त्या नावाची छाननी झाली, त्याचे कागद पिवळे पडले. सियालदहच्या गर्दीत तो कारखाना कोठे होता, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारल्यास क्वचितच कोणी सांगू शकेल. प्रतिष्ठेच्या, विद्येच्या, संकोचाच्या कारणाने जे थोर स्वर गप्प राहिले त्यांची आठवण आपण आदराने करतो. पण ते ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो जिने आपले अपुरे, तीन मिनिटांचे का होईना, गाणे जगाच्या हवाली केले तिचा. चीज संपते, साज थांबतात, सुई शेवटच्या वर्तुळात शिरू लागते; आणि त्या अर्ध्या क्षणात गौहरजान आपले नाव सांगते. ते आता कोणासमोर सिद्ध करण्याची तिला गरज उरलेली नाही.